वाढवलंय फक्त

पहिल्याच दिवशी, प्रदर्शन उघडून तासही झाला नसेल, मी ताईंच्या शिव्या खाल्ल्या. एक बाई हातरुमालात काळे मणी गुंडाळून स्टॉलवर आल्या होत्या. मी मोठ्या उत्साहानं मागे वळून ओरडले, "ताई, ह्यांचं मंगळसूत्र तुटलंय!" शेजारच्या लाखेच्या बांगड्यांच्या स्टॉलवरच्या दोघी माना वळवून बघायला लागल्या. त्या बाईंनी तर रुमाल परत छातीशी धरला. ताई लगबगीनं पुढे आल्या, त्यांच्याशी गोड बोलल्या, रुमाल हातात घेतला, त्यांना खुर्ची दिली. मग मला पडद्यामागे नेऊन दंडाला असा चिमटा काढला की त्याचा काळानिळा डाग प्रदर्शन संपेपर्यंत टिकला.

"तुटलं म्हणतात का गं? कुणी शिकवलं तुला? वाढवलं म्हणायचं. म्हण दहा वेळा."

मी म्हटलं दहा वेळा. वय एकोणीस, चित्रकलेच्या कॉलेजात दुसरं वर्ष, आणि डोक्यात हवा. एखाद्या कारागिराबरोबर काम करून वही लिहायची असं कॉलेजचं फर्मान होतं, म्हणून मी ताईंच्या मागे लागले होते. ताई पंचवटीत राहायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, चांदी, तांबं आणि सुती दोरा यांचे असे दागिने करायच्या की सराफ बाजारातले लोकही थांबून बघायचे. दोऱ्याचं काम त्यांच्या वडिलांकडून आलेलं. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, ताण द्यायचा आणि दोन्ही हातांनी मणी गाठवत जायचं. प्रदर्शनात त्यांचा स्वतःचा माल मांडलेला असायचाच, पण गर्दी व्हायची ती दुसऱ्याच कारणानं. तिथल्या तिथं बसून त्या बायकांचे जुने दागिने गाठवून द्यायच्या.

माझ्या घरी असले शब्द नव्हते. आई शाळेत विज्ञान शिकवायची. बांगडी फुटली की आमच्याकडे ती फुटलीच, आणि वर आई ओरडायची, "अनवाणी येऊ नका रे, काचा आहेत." त्यामुळे मला हे सगळं फार विनोदी वाटलं. ताईंनी मला चार गोष्टी सांगितल्या. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. आणि संध्याकाळी दुकान बंद करायचं नसतं, तेही वाढवायचं. पाचवी गोष्ट त्यांनी सांगितली नाही. एवढी घोडी झालेली मुलगी, तिला तेवढं ठाऊक असणारच, असं त्यांना वाटलं असावं.

दुसऱ्या दिवसापर्यंत मी त्या शब्दाचा पार भुगा केला होता. "ताई, चहाचा कप वाढवला." "ताई, माझी चप्पल वाढली, पिन द्या." ताई हसायच्या, "चल, आगाऊ!" म्हणायच्या. पण गिऱ्हाईक आलं की मी अगदी शहाण्यासारखी वागायचे. वाढवलंय का, असं हळू आवाजात विचारायचे, आणि बायका मान डोलवायच्या. त्यांना बरं वाटायचं. मला त्याची चटक लागली.

तिसरा दिवस मला पहिल्यापासूनच आवडला नव्हता, असं मी आता म्हणते. खरं तर तेव्हा नुसतं उकडत होतं. गंगापूर रोडवरचं मैदान, वर कापडी मांडव, खाली धूळ, आणि वारा आला की कापड फडाफडा आपटायचं. लाऊडस्पीकरवर हरवलेल्या मुलांची वर्णनं चालू असायची. मैदानापासून दहा मिनिटांवर एक मोठा दवाखाना होता, त्यामुळे अँब्युलन्स फाटकासमोरून जायच्या. त्या दिवशी सकाळपासून तीन गेल्या. तिसऱ्या वेळी ताईंनी सुई खाली ठेवली आणि त्या उगीचच मांडवाबाहेर बघत बसल्या. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही गं. आज हाताला काम लागत नाहीये."

अकराच्या सुमाराला ती आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. चुरगळलेली सुती साडी, केस विस्कटलेले, आणि एवढ्या उन्हात पदर गळ्याभोवती दोन वेळा गुंडाळलेला. ती आधी सगळ्या स्टॉलवरून नुसतीच फिरून गेली, परत आली, मग माझ्यासमोर उभी राहिली. मूठ आवळलेली.

"इथं गाठवून देत्यात का? तिकडं दवाखान्यात एक बाई म्हणली."

"देतो ना. काय आहे?"

तिनं मूठ उघडली नाही. ओठ हलले, पण शब्द बाहेर येईना. मला लगेच कळलं. मी पुढे वाकून अगदी हळू म्हणाले, "मंगळसूत्र वाढवलंय का?"

तिचा चेहरा असा सैल झाला की काय सांगू. "हो ताई," ती म्हणाली, "वाढवलंय." आणि मूठ उघडली. मला स्वतःचा अभिमान वाटला. अजून आठवतो तो अभिमान, आणि लाज वाटते.

मग ती ताईंसमोर पाटावर बसून सगळं सांगत गेली. चांदवडच्या बाजूचं गाव, घरी कांद्याची शेती. नवऱ्याला ताप आला, तो डोक्यात गेला, तीन दिवस झाले तो माणूस ओळखत नव्हता. काल रात्री इथं आणलं. स्ट्रेचरवर घेताना त्यानं तापातच हात वर केला आणि तिच्या गळ्याशी मूठ आवळली. "सोडवता सोडंनात. चौघांनी धरलं त्यांना. तवर ह्ये…" मणी दवाखान्याच्या फरशीवर उधळले. एक वाटी स्ट्रेचरच्या चाकाखाली गेली. तिनं गुडघ्यावर रांगत सगळं वेचलं होतं.

"चार वाजता आत्याबाई यायच्यात एसटीनं," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. "त्यांच्या आत झालं पायजे ताई. जसं व्हतं तसं. त्यांना कळलं ना, मंग मला घरात नाय घ्यायच्या त्या."

"असं कसं? दुखण्यात झालं, तुझी काय चूक?" मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. लग्नाच्या वर्षातच तिचे सासरे गेले होते. तेव्हापासून घरात तिला पांढऱ्या पायाची म्हणत होते. तोंडावर म्हणत होते. त्या वर्षी विहीर आटली तीही हिच्यामुळे, म्हैस गाभडली तीही हिच्यामुळे. आता नवरा बेशुद्ध, आणि त्याच घटकेला त्याच्याच हातानं हे झालेलं. "आत्याबाई म्हणतील, ह्याला बी खाल्लं हिनं," ती म्हणाली. रडली नाही. कोरडं बोलली.

ताईंनी मणी मोजले. नऊ कमी होते. दोन वाट्यांपैकी एक सासरची असते, एक माहेरची. चेपलेली कोणती, ते ताईंनी विचारलं. "आमची. माहेरची," ती म्हणाली. तेवढ्या वेळात चेप काढणं शक्य नव्हतं. ताई म्हणाल्या, चेपलेली बाजू आतल्या अंगाला घेते, गळ्यावर दिसणार नाही. आणि नऊ मणी माझ्याकडचे घालते, ते मानेमागे जातील, तिथे कोण बघतंय? मग त्यांनी आपल्या पिशवीतून हळकुंड काढलं, पिवळ्या दोऱ्यात बांधलं आणि तिच्या गळ्यात घातलं. तोवर गळा मोकळा ठेवू नये म्हणून. तिनं पदर पुन्हा गुंडाळला.

तिला परत यायला जमणार नव्हतं. नवऱ्याजवळ दुसरं कुणी नव्हतं, आत्ताच शेजारच्या पेशंटच्या बाईला बसवून आली होती. "मी आणून देते," मी म्हणाले. तिनं माझा हात धरला. "माझ्या माहेरची म्हणून सांगा. बाकी काय बोलू नका." तळहात गरम होता, तिलाच ताप असावा इतका.

ती गेल्यावर ताई कामाला बसल्या. एरवी काम करताना त्या बोलायच्या, माझी टर उडवायच्या. त्या दिवशी दोनदा त्यांनी गाठ उसवली आणि पुन्हा घातली. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला हे काम आवडलेलं नाही. पोरीच्या जिवावर आलंय." साडेतीनला त्यांनी ते लाल पुठ्ठ्याच्या डबीत ठेवलं आणि डबी माझ्या हातात देऊन मूठ मिटवली. "तिच्याच हातात दे. तिथे तोंड उघडू नकोस. तुला गप्प बसता येत नाही, मला माहितीये."

"ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

"आहेस," त्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर लांब व्हरांडा होता, एका बाजूला बाकं, दुसऱ्या बाजूला काचेचं दार. दारावर आत जाण्यास मनाई. मी वॉर्डातल्या मावशींना सांगितलं, आत अमुक पेशंटची बायको आहे, तिला बोलवा. मावशी म्हणाल्या, डॉक्टर आत आहेत, थांबा. मी बाकावर बसले. डबी मांडीवर ठेवली. पिशवीत ठेवायला काय झालं होतं मला? आजही कळत नाही.

बाकावर आधीच तीन बायका बसल्या होत्या. मधली म्हातारी, नऊवारी, कपाळ मोकळं, पायाशी कापडात बांधलेला डबा. माझ्याकडे टक लावून बघत होती. घड्याळात चार वाजायला वीस मिनिटं होती, त्यामुळे माझ्या डोक्यात काही आलंच नाही. नंतर कळलं, आत्याबाई एसटीनं आल्याच नव्हत्या. गावातून कांद्याची पिकअप निघाली होती, तिच्यात बसून अर्धा तास आधी पोचल्या होत्या.

"कुणाची गं तू?" म्हातारीनं विचारलं.

"मी… आतल्या ताईंच्या माहेरची."

"कंच्या ताईंच्या?"

मी काचेच्या दाराकडे बोट केलं. म्हातारीचे डोळे बारीक झाले. "तिच्या माहेरची? मी नाय बघितली तुला कधी. आन् ह्ये काय हाय?" आणि मी काही म्हणायच्या आत तिनं डबी उचलली आणि उघडली.

ते मंगळसूत्र तिनं ओळखलं. ओळखणारच, लग्नात तिनंच सुनेसाठी गाठवून घेतलेलं. सुनेच्या गळ्यात असायला हवं ते दवाखान्यात एका परक्या पोरीच्या डबीत. माझ्याकडे बघितलं, काचेच्या दाराकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. तोंड उघडं पडलेलं. मला वाटलं, घाबरली बिचारी. तिला धीर द्यावा. तुटलं म्हणायचं नाही हे मला आता पक्कं ठाऊक होतं. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि ताईंनी शिकवला तसा, अगदी मऊ आवाजात तो शब्द उच्चारला.

"काही नाही हो आजी, घाबरू नका. मंगळसूत्र वाढवलंय फक्त."

ती किंकाळी माझ्या कानात अजून आहे. "अगं माझ्या लेकरा… मला कुणी सांगितलं नाय गं…" म्हातारीनं कपाळ बडवायला सुरुवात केली. बाजूच्या दोघींनी गळा काढला. एकीनं म्हातारीला कवेत घेतलं, दुसरी जमिनीवरच बसली. व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली. मला काही म्हणजे काही कळेना. मी वेड्यासारखी म्हणत होते, "अहो नाही, अहो काय झालं, वाढवलंय फक्त, वाढवलंय!" जितक्यांदा म्हणत होते तितका आक्रोश वाढत होता.

पाचवी गोष्ट ती. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू वाढवतात, बांगड्या वाढवतात, मंगळसूत्र वाढवतात. म्हातारीनं स्वतःचंही कधीतरी तसंच वाढवलेलं होतं.

दार उघडलं आणि नर्स बाहेर आली. "काय लावलंय इथे? कोण रडतंय? तुमच्या पेशंटला काही झालेलं नाही, जिवंत आहे तो! गप्प बसा सगळे!"

रडणं थांबलं. जिवंत माणसासाठी टाहो फोडून झाला होता, आणि तो आता परत घेता येत नव्हता. नर्सच्या मागे ती उभी होती, दाराची चौकट धरून. पळत आल्यामुळे पदर सुटला होता. गळ्यात पिवळा दोरा आणि हळकुंड.

म्हातारीनं तिच्या गळ्याकडे बघितलं, मग हातातल्या डबीकडे. उठली. चालत तिच्यापर्यंत गेली. आता आवाज अगदी हळू होता.

"तोडलंस," म्हातारी म्हणाली. "माझ्या लेकाला आत टाकून तोडलंस."

तिनं माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मी पळाले. जिना उतरले, रस्ता ओलांडला, मैदानाच्या फाटकात येऊन उभी राहिले आणि उलटी केली. स्टॉलवर गेल्यावर ताईंनी विचारलं, "दिलंस? तिच्या हातात?" मी म्हणाले, "हो." संध्याकाळी ताई नेहमीसारख्या म्हणाल्या, "चला, दुकान वाढवू या." मला तो शब्द ऐकवेना. मी पडदे उतरवत राहिले. उरलेले दोन दिवस मी गप्प होते. ताईंना वाटलं, शहाणी झाली.

वर्षभर मी हे कुणाला सांगितलं नाही. कॉलेजच्या वहीत दोऱ्याच्या गाठींची चित्रं काढली, मार्क चांगले पडले. पुढच्या वर्षी प्रदर्शन आलं तेव्हा नाही म्हणणार होते, पण ताईंनी गृहीतच धरलं होतं. पहिल्या दिवसापासून माझं लक्ष फाटकाकडे. अँब्युलन्स गेली की मी हातातलं काम सोडून बघत राहायचे. तो माणूस गेला असेल का? गेला असेल तर तो माझ्या शब्दानं गेला, असं माझ्या विज्ञानवाल्या डोक्याला वाटत होतं. स्वतःलाच शिव्या घालायचे आणि तरी वाटायचंच.

शेवटच्या दिवशी दुपारी ती आली. बरोबर तिचा भाऊ होता, तो लांब उभा राहिला. ती वाळली होती, पण साडी नीट नेसलेली, केस नीट बांधलेले. कपाळावर टिकली होती. ती टिकली दिसली आणि मला हुंदका आला. "बरे आहेत ना तुमचे हे?" मी विचारलं.

"बरे हायेत. दुसऱ्याच दिवशी शुद्ध आली त्यांना. ट्रॅक्टर चालवत्यात आता."

"देवा!" ताई मागून म्हणाल्या. "मी रोज आठवण काढायची गं तुझी."

"पण मी माहेरी हाय," ती म्हणाली. "डबी अंगावर फेकून दवाखान्यातूनच धाडलं मला. आत्याबाई म्हणल्या, हिनं जित्या माणसाचं रडगाणं घातलं, पुन्यांदा उंबरा चढायचा नाय. हे कायबी बोलले नाय. आता दुसरं लगीन जमवलंय त्यांचं, पुढच्या महिन्यात हाय."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. वर्षभरापूर्वीचं माझं "हो" त्यांच्या तोंडावर उमटलेलं मला दिसलं. मी तिच्यासमोर हात जोडले. माझ्यामुळे झालं, माझ्या एका शब्दानं झालं, असं काहीतरी बरळत होते. तिनं मला अडवलं.

"शबुद बरोबरच व्हता तुमचा. मला बी तोच ठाऊक व्हता," ती म्हणाली. मग तिनं पदराच्या आतून मंगळसूत्र काढलं, गळ्यातून वर ओढून घेतलं आणि ताईंच्या समोरच्या पाटावर ठेवलं. तेच. मानेमागचे नऊ मणी अजून जास्त चकाकत होते. "एक वाटी त्यांची हाय, ती भाऊ जाऊन देऊन येईल. चेपलेली माझी. ती आन् मणी मला द्या."

ताई म्हणाल्या, "बस तू. मी सावकाश वाढव–"

"वाढवू नका," ती म्हणाली. "तोडा."

लाखेच्या बांगड्यांच्या स्टॉलवरच्या बायकांनी माना वळवल्या. ताईंनी कात्री उचलली, पण त्यांचा हात पुढे जाईना. इतकी वर्षं दोरा गाठवणारा हात. मग मी त्यांच्या हातातून कात्री घेतली आणि पाटासमोर बसले. तिच्याकडे बघितलं.

"तोडते," मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि मी दोरा कापला.